यंदा टिचके बोलेनात

२९ जून, रविवार

एकही नाही!

पांढरीचा माळ अख्खा पालथा घातला — खांबापासून ओढ्यापर्यंत, ओढ्यावरून परत. एक टिचक्या नाही. दोन चांगले पाऊस झालेत, गवत पोटरीला लागतंय, आभाळ मोकळं — आणि माळ मुका. पाखरांचं मंडळ काढल्यापासून असं कधी झालं नव्हतं. गेल्या वर्षी कमी होते, पण होते.

मंडळातल्या राधेश्यामने पाहुणा आणला होता, त्याचा साडू, जालन्याचा. तो विचारतो, टिचक्या म्हणजे काय? सांगितलं — अंगठ्याएवढं पाखरू, गवताच्याच रंगाचं, काडीवर बसलं तर काडीच वाटावं. पुस्तकात त्याला भारदस्त नाव आहे, ते तीर्थपुरीत कोणी वापरत नाही. पावसाळ्यात नर आभाळात इतका वर चढतो की दिसेनासा होतो, आणि तिथून टिच, टिच, टिच करत राहतो. नखावर नख टिचकवावं तसं. आधी ऐकायचा, मग शोधायचा.

पाहुण्याला आमची पद्धतही समजावली. माळावर तोंड बंद. मी पुढे, बाकीचे एका रांगेत मागे. आवाज आला की मी बोट वर करतो. सगळे जागच्या जागी थांबतात, मी नाव सांगतो, राधेश्याम लिहितो. राधेश्याम त्याला म्हणाला, "सरांचं बोट वर गेल्याबिगर या माळावर पाखरू जन्माला येत न्हाई!" सगळे हसले. काकासाहेब तर खोकला येईपर्यंत हसले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

आज बोट वर गेलं ते तितरासाठी, टिटवीसाठी आणि एकदा मोरासाठी. मोर काय, कोणीही ओळखील.

३० जून

यंदा माळावर नवीन काय झालं? एकच. मेंढरं.

२ जुलै

मेंढरांचं खूळ सत्यशीलाचं. एप्रिलच्या बैठकीला आली तेव्हा जयंतीच्या मिरवणुकीत ओरडून घसा पार बसला होता तिचा. त्या बसक्या घशाने तिने आम्हा सगळ्यांना तासभर गवत शिकवलं. "सर, माळाला कुंपण घालून तुम्ही त्याचं लोणचं घातलंय," म्हणाली. "माळ म्हंजे बाग न्हाई. त्याला तोंड लागायला पाह्यजे. कोणी चरलंच न्हाई, तर जुनं गवत खाली कुजतं, नवं फुटत न्हाई, अन् मधी घाणेरी घुसते." मग तिचा प्रस्ताव — ओढ्याकडचा अर्धा माळ पावसाळ्यात सर्जेराव धनगराच्या मेंढरांना चरायला द्यायचा, दुसरा अर्धा तसाच राखायचा. दिवाळीला बघायचं, कुठलं गवत बरं आलं ते.

सगळ्यांनी हात वर केले. मी केला नाही, पण विरोधही केला नाही. आता वाटतं, करायला हवा होता.

ती माझी विद्यार्थिनी. आठवीत पहिल्या बाकावर बसायची, प्रश्न विचारून जीव नकोसा करायची. तिच्या आईने, कांताबाईंनी, याच माळाचं गवत कापून, भारे विकून तिला शिकवलं. आता ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. अभिमान वाटतो. आणि विद्यार्थिनीने आपल्याला शहाणपण शिकवलं की कुठेतरी टोचतंही. दोन्ही खरं आहे.

५ जुलै

आज झाडं लावणारे आले! दरवर्षी येतात, पोळ्याला बैल यावेत तसे ठरलेले. जीपभर रोपं, एक फोटोवाला, पांढरे कपडे. माळाच्या तोंडाशी आमची पाटी आहे — "येथे झाडे लावू नयेत". अख्ख्या जिल्ह्यात अशी पाटी दुसरी नसेल. पुढारी पाटी वाचून म्हणाले, "मास्तर, हे चुकून लिवलं का?"

म्हटलं, चुकून नाही. हा माळ आहे, मोकळाच असतो. गवतात राहणाऱ्या पाखराला झाड म्हणजे शिकऱ्यासारख्या शिकारी पाखराला बसायला दिलेली खुर्ची. वर बसतो, खाली बघतो, उचलतो.

"पण पडीकच हाये की समदं!"

हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. पडीक! जिथे धाविक, पखुर्डीसारखी पाखरं आहेत, कोल्हा आहे, टिचक्या आहे, ते पडीक, आणि जिथे एकाच जातीचा ऊस आहे ते सुपीक. मी जरा जास्तच बोललो. शेवटी काकासाहेबांनी स्वतःचा बांध दाखवला, रोपं तिकडे लागली, फोटो निघाला, सगळे खूश. काकासाहेबांचं शेत माळाला लागून आहे म्हणून मंडळ टिकलं, नाहीतर माझ्या जिभेने ते कधीच बुडवलं असतं.

टिचक्या आहे, असं मी त्या पुढाऱ्याला म्हणालो खरा. यंदा अजून एकही ऐकला नाही, हे सांगितलं नाही. घरी आल्यावर ते खात राहिलं.

६ जुलै, रविवार

आजही नाही.

एकादशी, म्हणून फेरीनंतर लिंबाखाली नेहमीच्या पोह्यांऐवजी साबुदाणा. कोणाला गेला नाही. मला तर नाहीच.

विचित्र आहे एकूण. तितर ओरडतात, टिटव्या भांडतात, भारद्वाज घुमतो, पारवे आहेत. बारीक आवाजाचं तेवढं काही नाही. लहानांनाच जाच होतो नेहमी, मोठे कसेही निभावून नेतात. आणखी नवल म्हणजे न चरलेल्या अर्ध्या भागातही शांतता. मेंढरांच्या वावराने सगळा माळच हादरला असणार.

साबुदाणा खाताना सत्यशीला म्हणाली, "सर, मी गुरुवारी आल्ते गवत मोजायला. तेव्हा ऐकले मी. ओढ्याकडं. दोन तरी होते."

म्हटलं, किडे असतील. या दिवसांत गवतात सतरा किडे वाजतात.

"न्हाई सर, टिचक्याच."

"सत्यशीला, तुला गवत कळतं. पाखरं माझ्याकडे राहू दे."

चारचौघांत बोललो. ती द्रोण घेऊन उठली.

९ जुलै

मनगटावरच्या घड्याळाचा गजर वाजेनासा झालाय. पहाटे माळावर जायचं होतं, साडेसहाला बायकोने, उषाने, गदागदा हलवलं. म्हणते, वाजून वाजून बंद पडला. ती काहीही म्हणते. सेल बदलला.

१३ जुलै, रविवार

नाही.

संध्याकाळी सत्यशीला घरी आली. सोबत मोबाइल. "सर, आज पहाटे परत गेल्ते. रेकॉर्ड करून आणलं. नीट ऐका." मोबाइल टेबलावर ठेवला, आवाज पूर्ण केला. दोघंही वाकून ऐकत बसलो.

वारा. नुसता वारा, गवताची खसखस, लांब कुठे तरी ट्रॅक्टर.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, परीक्षेचा निकाल बघावा तशी. मी म्हटलं, "वारा आहे हा."

"सर, परत लावते."

परत ऐकलं. वाराच. मला वाईट वाटलं तिचं. माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की ती ऐकू यायला लागते. वाऱ्यातही पाखरू सापडतं. मी तिला हे समजावून सांगितलं, रागावून नाही. म्हटलं, तुझा प्रयोग आहे, तुला तो यशस्वी व्हायला हवा आहे, म्हणून असं होतं.

 तिने मोबाइल पर्समध्ये ठेवला. उषाने केलेला चहा न पिताच गेली. उषा माझ्यावर चिडली.

२० जुलै, रविवार

आज फक्त श्रमदान. वेडी बाभूळ उपटली, खांद्यात अजून काटे आहेत. पाणवठ्याची फुटलेली कड लिंपली. तारेला अडकलेले गुटख्याचे पुडे, दारूच्या बाटल्या — दोन पोती भरली. पाखरांना दारूची काय गरज, असं राधेश्याम म्हणाला. त्याला कॅमेऱ्यापुढे पाखरू आलं तरच ते दिसतं. दिवाळीपासून मंडळात आहे, अजून पारवा आणि होला एकच. पण लेन्स अशी की तिच्या भाराने त्याचं पोट आत गेलंय.

दुपारी सर्जेरावांच्या पालाशी टेकलो. त्यांची बायको नंदाबाई चुलीपाशी होती, तिने विचारलंही नाही, सरळ चहा टाकला. शेळीच्या दुधाचा. सर्जेराव मेंढीच्या खुरातला काटा काढून राहिले होते, तिला बोलत बोलत, लेकराशी बोलावं तसे.

मी विचारलं, टिचक्या ऐकलात का इकडे?

"मला काय कळतंय पाखराचं, गुर्जी," म्हणाले. "मला लांडगा कळतो, पाऊस कळतो. पाखरू म्हंजे वर उडतंय तेवढं पाखरू."

पुढच्या महिन्यात बऱ्याच मेंढ्या विणार आहेत. यंदा जागा मिळाली म्हणून बरं झालं, असं नंदाबाई दोनदा म्हणाली. दरसाल पावसाळ्यात हाल होतात — सगळीकडे पेरलेलं, बांधावर पाय ठेवला तरी लोक काठी घेऊन धावतात. मी चहा प्यायलो. माणसं चांगली आहेत. पण माणसं चांगली असली म्हणून मेंढरांच्या खुरांना डोळे फुटत नाहीत.

टिचक्याचं घरटं गवतात अगदी खाली असतं. कोळ्याच्या जाळ्याने गवताची पाती शिवून केलेली छोटी थैली. एक खूर पडला की संपलं.

२६ जुलै

सापडलं!

ओढ्याकडच्या भागात टिटवीची अंडी. चार होती, दोन फुटलेली, आणि त्यांच्यात स्पष्ट खुराचा ठसा. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती.

पहिल्यांदा काय वाटलं ते इथेच लिहितो, बाहेर कुठे बोलणार नाही. बरं वाटलं. पुरावा मिळाला. फुटलेल्या अंड्यांपुढे उभा राहून मला बरं वाटलं. मग त्या टिटवीकडे बघवेना. राहिलेल्या दोन अंड्यांभोवती दगड रचून आलो.

टिटव्यांचं हे असं, तर टिचक्याचं काय झालं असेल. ३ तारखेला बैठक बोलावली आहे. सगळ्यांना निरोप गेले.

३ ऑगस्ट, रविवार

बैठक झाली. जिंकलो. हा शब्द लिहिताना कसंतरी होतंय.

मी आधी बोललो. म्हटलं, मंडळ कशासाठी आहे? गवतासाठी नाही, पाखरांसाठी आहे. टिचक्या हा या माळाचा धनी. यंदा तो नाही. फरक फक्त मेंढरांचा. टिटवीच्या अंड्यांचा राधेश्यामने काढलेला फोटो सगळ्यांना दाखवला.

सत्यशीला उभी राहिली. कागद आणले होते, पण बघितले नाहीत. "टिटवीचं खरंय. वाईट झालं. तेवढ्यापुरती जागा राखता येईल. पण टिचके हायेत सर. मी ऐकले. एकदा न्हाई, चारदा." मग बाकीच्यांकडे वळून, "तुम्ही कोणीच न्हाई ऐकले?"

 काकासाहेब टोपी काढून तिच्या आत बघत बसले. राधेश्याम म्हणाला, "म्याडम, सरांचं बोट एकदाबी वर गेलं न्हाई. ते असते तर सरांना कळलं नसतं का?"

"मंग मी खोटं बोलून राह्यले का?"

"तसं कोण म्हणतंय!"

"सर," ती माझ्याकडे वळली, "सर्जेरावकाका आता कुठं जातील? दिवाळीपर्यंत कुठंच जागा न्हाई. मेंढ्या गाभण हायेत. निदान महिनाभर थांबा. मी हात जोडते."

तिने खरंच हात जोडले. मी खाली बघितलं. म्हणालो, महिनाभरात पाखरांचा विणीचा हंगाम संपेल, मग थांबून उपयोग काय?

मेंढरं काढायची यासाठी सगळ्यांचे हात वर. तिचा एकटीचा खाली. काकासाहेबांनी हात सगळ्यांत शेवटी वर केला, तोही कानापर्यंतच.

४ ऑगस्ट

सर्जेरावांना मीच सांगायला गेलो. निरोप पाठवणं बरं दिसलं नसतं.

ऐकून घेतलं. बराच वेळ काठी जमिनीत रुतवत राहिले. "गुर्जी, दिवाळीपस्तोर म्हणले होते तुम्ही लोक. आता समदीकडं पेरलंय. मेंढरं काय आभाळात चारू का?"

मी माळाचं, पाखरांचं सांगितलं. शब्द माझ्याच कानाला पोकळ वाटत होते, पण खरे होते ते. खरे आहेत.

"बरं," म्हणाले. "तुमचं रान."

नंदाबाईने आज चहा टाकला नाही. बरंच झालं. मला प्यायवलाही नसता.

५ ऑगस्ट

गेले. पाल, कोंबड्या, घोड्याच्या पाठीवर लहान कोकरं. वडीगोद्रीकडे. तिकडे हमरस्त्याच्या कडेला हिरवं असतं, म्हणतात.

६ ऑगस्ट

सत्यशीलाने मंडळाच्या खोलीची किल्ली पाठवून दिली. चिठ्ठी नाही, काही नाही. किल्लीला तिनेच केव्हातरी बांधलेला निळा दोरा आहे.

उषा म्हणते, "पोरीला तुम्ही घालवलं." म्हटलं, मी नाही, बैठकीने. "बैठक म्हंजे कोण? तुम्हीच ना!" बायकोशी वाद घालणं म्हणजे ओढ्याला उलटं वाहायला सांगणं.

१० ऑगस्ट, रविवार

नाही. अजून नाही.

वेळ लागणारच. एकदा उठलेलं पाखरू लगेच कसं बसेल? पाहण्यासारखी गोष्ट एकच — चरलेल्या भागात नवं गवत कोवळं, दाट फुटलंय, आणि न चरलेल्या भागात जुनं आडवं पडून खाली काळं झालंय. सत्यशीला म्हणाली होती तसंच. तिला कळवायला पाहिजे, असं चालता चालता मनात आलं. मग आठवलं.

तिच्याविना रांग आखूड वाटते. मागून प्रश्न येत नाहीत. आधी ते प्रश्न नकोसे व्हायचे.

१३ ऑगस्ट

फार वाईट बातमी.

राधेश्याम दुकानातून सरळ घरी आला, दारातच उभा राहिला. वडीगोद्रीच्या पुढे हमरस्त्यावर, पहाटे, पावसात, सर्जेरावांच्या कळपात ट्रक घुसला. सर्जेराव आणि नंदाबाई ठीक आहेत. मेंढ्या गेल्या. किती ते नक्की नाही, पण बऱ्याच, आणि त्यातल्या बहुतेक गाभण.

राधेश्याम म्हणाला, "रस्त्याच्या कडंला चारून राह्यले होते, सर. दुसरीकडं कुठंच जागा न्हाई ना."

 

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन झालं की राधेश्यामच्या मोटारसायकलवर वडीगोद्रीला गेलो. शाळेची मुलं झेंडे घेऊन घरी जात होती, हॉटेलांवर देशभक्तीची गाणी लागलेली, आणि पुलापलीकडे चिखलात ते पाल.

सर्जेराव एका कोकराला बाटलीने दूध पाजून राहिले होते. त्याची आई गेली. व्याल्यावर दुसऱ्याच दिवशी. नंदाबाई पाठमोरी बसली होती, ती वळली नाही. मी चार वाक्यं घोकून नेली होती.  नुसता शेजारी बसलो, चिखलातच.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ट्रकवाल्यालाही शिवी दिली नाही. म्हणाले, "पाऊस लई होता, गुर्जी. त्याला तरी काय दिसणार." कोकराने बाटली सोडली, त्यांनी परत तोंडात दिली. मग माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात विचारलं, "पाखरं आली का मंग?"

टोमणा नव्हता. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं, खरंच टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, कशासाठी उठावं लागलं ते.

म्हणालो, येतील. येतीलच.

"येऊ द्या," म्हणाले.

१६ ऑगस्ट

आलीच पाहिजेत. आता तर आलीच पाहिजेत.

१९ ऑगस्ट

तीन दिवस रोज माळावर. सकाळी, संध्याकाळी. उषा म्हणते, "किती मनाला लावून घेऊन राह्यले! जेवून तरी जा." 

लिंबाखाली बसून विचार करतो. समजा, नाहीच आले टिचके. तर मग मेंढरं उठवून काय मिळवलं? आणि समजा आले. तर एका अंगठ्याएवढ्या पाखराच्या बदल्यात एवढी जनावरं, त्या दोघांची वर्षाची मिळकत — हा सौदा बराबर आहे का? आयुष्यभर मी मुलांना शिकवलं, निसर्गात कोणी लहान-मोठं नाही. फळ्यावर लिहायला सोपं होतं. त्या चिखलात बसून लिहून दाखवावं.

तरीही एक टिचक्या ऐकू आला असता, तर सर्जेरावांपुढे जाऊन उभं राहता आलं असतं. हो, आली, असं सांगता आलं असतं. एवढंच हवंय. एक आवाज.

सत्यशीलाने उरलेल्या मेंढरांसाठी काकासाहेबांच्या मानगुटीवर बसून त्यांचं चाऱ्याच्या कडवळाचं वावर मागून घेतलं, असं ऐकलं. काकासाहेब मला काही बोलले नाहीत. पोळा झाला की मेंढरं तिथे येतील. मला न विचारता झालं, आणि बरं झालं.

२४ ऑगस्ट, रविवार

फक्त राधेश्याम आला. दोघंच ओढ्याकडे गेलो, जिथे मेंढरं चरत होती तिथे. एकदम राधेश्यामने माझा दंड धरला. समोर, चार हातांवर, काडीच्या टोकाला — टिचक्या! खाली गवतात आणखी दोन, आखूड शेपटीची. यंदाची पिल्लं, नुकती उडायला लागलेली. म्हणजे अंडी मेंढरं होती तेव्हाचीच. त्या खुरांमध्येच उबवलेली.

काडीवरचा नर बोलत होता. चोच उघडत होती, मिटत होती, उघडत होती. गळ्याची पिसं थरथरत होती. मी डोळे मिटून ऐकलं. उघडले. चोच अजून हलत होती. माळावर काहीही आवाज नव्हता.

मी राधेश्यामला हळूच विचारलं, "तुला ऐकू येतंय?"

"येतंय की, सर. टिच टिच. हाच का तो? हा तर मी जूनपासून ऐकून राह्यलो. काकासाहेबबी एकदा म्हणले, टिचक्या वाटतोय. मंग म्हणले, न्हाई, सरांचं बोट कुठं वर गेलं. मंग आम्ही समदे समजलो, किडा असंल."

"मेंढरं होती तेव्हाही?"

"तेव्हाबी," राधेश्याम म्हणाला. "रोजच."